सीपीयू सुरू होत नाही म्हणून आधी फॉरमॅट मारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापुरात मी बरीच वर्षे मराठी डीटीपीचे काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिका आणि थंडीच्या दिवसांत गावोगावच्या साहित्य संमेलनांचे मॅटर. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथल्या संमेलनांविषयी आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. या कामामुळे लोक माझ्याकडे मॅटरबरोबर बंद पडलेले सीपीयूही घेऊन येतात. बहुतेक वेळा तो सीपीयू आधी दुरुस्तीच्या दुकानातून जाऊन आलेला असतो आणि मग मला हळहळण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. म्हणून हे पत्र.

तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावातले निवृत्त गुरुजी. त्यांनी घरोघर जाऊन बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. वह्या पावसाळ्यात भिजून शाई पसरू लागली, तेव्हा नातीला बसवून त्यांनी त्या कॉम्प्युटरवर टाईप करून घेतल्या. पुढे पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरला आणि एके सकाळी काळ्या पडद्यावर ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ (म्हणजे विंडोज सुरू करणारी फाइल सापडत नाही) एवढीच ओळ. दुकानात सांगितले, ‘व्हायरस शिरलाय, विंडोज मारून देतो, संध्याकाळी घेऊन जावा.’ मशीन खरोखरच संध्याकाळी मिळाले, झकास चालत होते. ओव्या मात्र नव्हत्या. ‘सी ड्राइव्ह तेवढा फॉरमॅट केला, डी ला हात लावला नाही’ असे त्या मुलाने सांगितले आणि ते खरेच होते. पण डेस्कटॉपवर ठेवलेले फोल्डर सी ड्राइव्हमध्येच असते, हे गुरुजींना कुणी सांगितले नव्हते आणि त्यांना कुणी विचारलेही नव्हते. माझ्याकडे आले तोवर त्याच डिस्कवर नवी विंडोज, ऑफिस आणि घरातल्या मुलांचे सिनेमे चढले होते. पुसलेल्या फायली शोधणारे फोटोरेक हे सॉफ्टवेअर लावून पाहिले, तर नावे गेलेले काही तुकडे हाती आले, बाकी सगळ्यावर नवे लिहिले गेले होते. ओव्या सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आता हयात नाहीत.

हे टाळता आले असते, याचेच मला वाईट वाटते.

कॉम्प्युटर सुरू होताना डिस्कवरचा अगदी पहिला भाग वाचतो. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये तो भाग ५१२ बाइट्सचा असतो. डिस्कचे भाग कुठे सुरू होतात आणि विंडोज कुठून उचलायची, एवढेच त्यात लिहिलेले असते. व्हायरसने तिथे गडबड केली किंवा विंडोजच्या दोन-चार फायली खराब केल्या की मशीन सुरू होत नाही. कधी कधी तर व्हायरस लागलेली विंडोजची फाइल अँटीव्हायरसच उचलून बाजूला ठेवतो आणि त्या फाइलवाचून विंडोज उभी राहत नाही. यातल्या कशानेही तुमचे अहवाल, फोटो, ओव्या पुसल्या जात नाहीत. उतारा हरवला म्हणून शेत कुठे जात नाही, तसेच हे आहे. शेत जाते ते फॉरमॅट मारून त्यावर नवी विंडोज घातल्यावर. साध्या फॉरमॅटने आधी फक्त नोंदी जातात, मजकूर जागेवर राहतो. नवी विंडोज मात्र त्याच जागेवर कित्येक जीबी लिहिते. आणि हल्ली मशीनला वेग यावा म्हणून सगळीकडे एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर चालणारी डिस्क, बसवतात. मोकळी झालेली जागा एसएसडी स्वतःच साफ करून टाकते. म्हणून जुन्या हार्ड डिस्कवरून फॉरमॅटनंतरही थोडेफार मिळायचे, ती आशा एसएसडीवर जवळजवळ धरूच नये.

आता एक गोष्ट आपल्या भागापुरती. इथल्या मराठी मॅटरचा मोठा भाग अजून जुन्या फाँटमध्ये आहे, कुणाचा श्रीलिपीत, कुणाचा सी-डॅकच्या आयएसएममध्ये. ते फाँट नसलेल्या मशीनवर अशी फाइल उघडली तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. दुकानातला मुलगा ते पाहतो आणि प्रामाणिकपणे सांगतो, ‘फायली करप्ट झाल्यात, व्हायरसनं खाल्ल्या.’ मालक मान डोलावतो आणि चांगल्या फायली पुसल्या जातात. असे मी एकदा नाही, अनेकदा पाहिले आहे. ती फाइल धडधाकट असते, तिला तिचा फाँट मिळाला की ती वाचता येते. म्हणून बंद मशीनमधून मजकूर काढताना विंडोजच्या फोल्डरमधले फाँट्सचे फोल्डरही आठवणीने काढून घ्यायला हवे. फॉरमॅट मारणारे ते कधीच काढत नाहीत. जमेल तसे सगळे मॅटर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा पद्धतीत, आणावे हे खरे, पण आधी ते हातात तरी राहिले पाहिजे.

दुसरा असाच प्रकार म्हणजे शॉर्टकटवाला व्हायरस. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावून आणला की सगळी फोल्डर गायब, त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट. फोल्डर तिथेच असतात, व्हायरसने ते फक्त लपवलेले असतात. ‘ॲट्रिब’ नावाची विंडोजची छोटीशी आज्ञा दिली की ते परत दिसतात. त्या शॉर्टकटवर क्लिक मात्र करू नये, व्हायरस त्यानेच पसरतो.

मग सीपीयू सुरूच होत नसेल तर काय करायचे? मी जे करते ते सांगते. दुसऱ्या चांगल्या मशीनवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी मशीन चालवणारे वेगळे सॉफ्टवेअर) उतरवून घ्यायचे. ते फुकट आहे आणि ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मावते. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने पेन ड्राइव्ह तयार करायचा, बंद मशीनला लावायचा आणि सुरू करताना एफ १२, एफ २, एस्केप किंवा डिलीट (कंपनीप्रमाणे बटण बदलते) दाबून त्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करायचे. लिनक्स डिस्कवर बसवायचे नाही, नुसते पेन ड्राइव्हवरून चालवायचे. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस तिथे जागा होत नाही आणि सी ड्राइव्ह साध्या फोल्डरसारखा उघडतो. त्यात यूजर्स, त्याखाली आपल्या नावाचे फोल्डर, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स. हे सगळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करायचे. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी दुकानात डिस्क काढून यूएसबीच्या केबलने दुसऱ्या मशीनला लावायला सांगावे, तेवढे बहुतेक दुकानांत होते. कॉपी केलेला मजकूर ताज्या अँटीव्हायरसने तपासल्याशिवाय उघडू नये, कारण त्याबरोबर व्हायरसही आलेला असू शकतो.

अलीकडच्या काही लॅपटॉपमध्ये डिस्क कंपनीकडूनच कुलूपबंद येते. त्याला बिटलॉकर म्हणतात. तिथे ४८ आकडी किल्ली लागते. बहुधा ती आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. मशीन चांगले चालते आहे तोवरच ती कागदावर उतरवून कपाटात ठेवावी. त्या किल्लीवाचून डिस्क कुणालाही उघडता येत नाही.

मजकूर बाहेर निघाला की मग विंडोजचे पाहावे. विंडोज १० मध्ये सुरुवात सलग दोन-तीनदा अर्धवट तुटली की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. त्यातले ‘स्टार्टअप रिपेअर’ आधी करून पाहावे. विंडोज ७ मध्ये सुरू करताना एफ ८ दाबले की तीच सोय आणि सेफ मोड (विंडोज अगदी गरजेपुरतीच सुरू करण्याची सोय) मिळतो. त्याने झाले नाही तर विंडोजच्या मूळ सीडीवरून किंवा पेन ड्राइव्हवरून हार्ड डिस्कचा तो पहिला भाग नव्याने लिहिता येतो. कॅस्परस्की रेस्क्यू डिस्कसारखी साधने पेन ड्राइव्हवरून चालवून, विंडोज न उठवताच व्हायरस काढता येतो. यातले काहीच चालले नाही तर खुशाल फॉरमॅट मारा. मग माझी काही तक्रार नाही.

आणि प्रत्येक बंद मशीनला व्हायरसच लागलेला असतो असेही नाही. खानापुरात जून ते सप्टेंबर हवा किती दमट असते हे इथल्यांना ठाऊक आहे. रॅमच्या टोकांवर मळ धरतो, पॉवर सप्लाय जातो. हार्ड डिस्कमधून टिकटिक असा आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करावे आणि पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. ती डिस्क मोडकळीला आलेली असते आणि दर वेळी थोडी आणखी जाते. फायलींची नावे बदलून पैशांची मागणी करणारी चिठ्ठी पडद्यावर आली असेल तर तो प्रकार वेगळा. त्यात मजकूर खरोखरच कुलूपबंद होतो. तिथेही पैसे भरू नयेत आणि फायली पुसूही नयेत. युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था) आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात अशा काही व्हायरसांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आज नसली तरी पुढे मिळू शकते. आपल्याकडे केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून व्हायरस काढण्याची साधने फुकट देते.

दुरुस्ती करणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. ती आपलीच, गावातून बेळगावला जाऊन शिकून आलेली मुले आहेत. तासा-दोन तासांत विंडोज मारून मशीन परत दिले की ठरलेले पैसे मिळतात. मजकूर काढायला कधी अख्खा दिवस जातो आणि त्याचे वेगळे पैसे मागितले तर गिऱ्हाईक म्हणते, ‘एवढं कशाला, चालू करून द्या की.’ म्हणून माझी विनंती दोघांनाही आहे. दुकानदारांनी फॉरमॅट मारण्याआधी ‘डेस्कटॉपवर काय होतं?’ एवढे एकच वाक्य विचारावे. आणि गिऱ्हाइकाने मजकूर काढण्याचे पैसे आनंदाने द्यावेत, त्या कामाची किंमत विंडोज मारण्यापेक्षा जास्तच आहे.

आपल्या भागात हे इतके कळकळीने का सांगते? सरकारी कागद कन्नडमध्ये असतात आणि त्यांची एक प्रत कुठल्या ना कुठल्या कचेरीत असते. आपली मराठी स्मरणिका, वाचनालयाचे सभासद रजिस्टर, भजनी मंडळाने उतरवलेले अभंग, गावाच्या जत्रेचा इतिहास यांची प्रत कुठल्याच कचेरीत नाही. सचिवाच्या घरातला तो एक सीपीयू, एवढाच तिचा पत्ता. प्रत्येक वाचनालयाने आणि संमेलन समितीने एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, वर्षातून दोनदा तरी तिच्यावर सगळे उतरवावे आणि ती मशीनपासून वेगळी, दुसऱ्याच घरात ठेवावी. ती सतत मशीनला लावून ठेवली तर व्हायरस तिच्यातही जातो.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आहे, अभियांत्रिकीची पोरे गल्लोगल्ली आहेत. सुट्टीत दोन-दोन जणांनी एकेका गावच्या वाचनालयात जाऊन जुन्या मशीनमधला मजकूर काढून दिला, तर किती तरी काम होईल. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून कंपनीचे नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळत नाहीत आणि वाचनालयांत बहुतेक याच विंडोज आहेत. तेव्हा हे काम येत्या सुट्टीतच हाती घ्यावे.

खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही वाचनालयाचा किंवा मंडळाचा सीपीयू असा अडला असेल तर मजकूर काढून देण्याचे पैसे मी घेणार नाही. फॉरमॅट मारण्याआधी आणावा आणि मजकूर मावेल एवढी रिकामी हार्ड डिस्क बरोबर असावी.

आपली,
मराठी डीटीपी करणारी एक वाचक,
खानापूर, जि. बेळगाव