बाबांचे ड्रिल मशीन

फोंडा, गोवा

तीर्थस्वरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या पडवीत ताडपत्रीखाली पडून असलेले तुमचे ड्रिल मशीन पुन्हा चालू झाले. ड्रिल धरणारा चक डगमगतो म्हणजे बेअरिंग गेले, असे आपण दोघेही धरून चाललो होतो. परंतु डगमग मोजणारे डायल गेज लावल्यावर चकमध्ये धरलेल्या सरळ दांड्यावर ०.३० मि.मी. फरक दिसला, आणि चक उतरवून खुद्द स्पिंडलच्या, म्हणजे फिरत्या मुख्य दांड्याच्या, टेपरमध्ये (निमुळत्या भोकात) मोजले तेव्हा तो जेमतेम ०.०२ निघाला. दोष बेअरिंगचा नव्हताच. मोर्स प्रकारचा हा टेपर केवळ घर्षणाने घट्ट धरतो, त्यामुळे त्यात अडकलेला गंजाचा कण किंवा चकाला टेपरमध्ये बसवणाऱ्या आर्बरवर उठलेला बारीकसा उंचवटाही चकाला तिरका करतो. तसा उंचवटा आपल्या आर्बरवर होता. तो ऑइलस्टोनने हलकेच घासला, टेपर रॉकेलने स्वच्छ पुसला, आणि फरक ०.०५ वर आला. एवढ्याशा कारणासाठी मशीन भंगारात जाणार होते, या विचाराने अजून अस्वस्थ होतो.

गंजलेले सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरने साफ केले. गंजलेला भाग ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडाची पट्टी धन टोकाला जोडायची असते. तिथे स्टेनलेस स्टील मात्र चालत नाही, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन वायू सुटतो म्हणून पिंप अंगणातच ठेवले होते. रंगकाम किरकोळ होते.

खरी काळजी पावसाळ्याची आहे. आपल्याकडच्या दमट हवेत उघडे लोखंड एका रात्रीत तांबूस होते, म्हणून मशीनच्या खांबाला मेण आणि टेबलाला तेलाचा पातळ हात दर आठवड्याला लावतो. आई, त्यासाठी तुझ्या जुन्या सुती साडीचे तुकडे फार उपयोगी पडतात. तुला धास्ती वाटते हे ठाऊक आहे. मशीनवर मी बाह्या दुमडून काम करतो आणि हातमोजे कधीच घालत नाही, कारण फिरत्या ड्रिलमध्ये ते अडकले तर हातही ओढला जातो.

बाबा, पट्ट्याच्या झाकणाच्या आत तुम्ही पेन्सिलने लिहिलेले वेगाचे आकडे तसेच आहेत. तेवढ्या भागाला मी रंग लागू दिला नाही. फक्त शेवटचा आकडा पुसट झाला आहे. तो ३६० आहे की ३८०, एवढे पुढच्या पत्रात कळवावे.

तुमचा मुलगा