बाबांचं घड्याळ परत पाठवतेय

तीर्थरूप आई-बाबांना
साष्टांग नमस्कार.

बाबा, घड्याळ चालू झालं. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही थोडे नाराज व्हाल. तबकडी मी रंगवून घेतलेली नाही. ‘करायचंच तर नव्यासारखं कर’ असं तुम्ही फोनवर दोनदा म्हणालात, मीही हो म्हटलं, आणि तरी चारच्या आकड्याजवळचा तो तपकिरी डाग होता तिथेच आहे.

रागावू नका, आधी ऐकून घ्या. तबकडी रंगवायची म्हणजे जुना रंग, जुने आकडे, सगळं खरवडून काढायचं आणि वरून नवं छापायचं. त्यात अक्षरं जाड येतात, बारीक रेघा हुकतात, आणि नाही आवडलं तर जुनं परत मिळत नाही. मी तर ओल्या कापसाचा बोळाही लावला नाही, जुनी छपाई तेवढ्यानंसुद्धा सुटते. नुसती हवा मारून धूळ उडवली. सहाच्या खाली ‘टी स्विस मेड टी’ अशी अक्षरं आहेत, भिंगातून पाहिलं तरच नीट वाचता येतात. ती मला तशीच हवी होती.

आणि डागाचं म्हणाल तर तो माझा आहे. आई, घड्याळ बादलीत कसं पडलं ते तू कधी विचारलं नाहीस आणि बाबांनी कधी सांगितलं नाही. ‘माझ्याच हातून झालं’ एवढंच म्हणाले. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. तो डाग मिटवून बाबांच्या हातात घड्याळ ठेवायचं, हे मला जमलं नसतं.

घड्याळजीकडे का दिलं नाही, असं तुम्ही विचारालच. दिलं होतं. पहिल्यानं झाकणही न उघडता सांगितलं की यात आता काही राहिलेलं नाही, जुनं मशीन काढून सेलवरचं बसवून देतो. म्हणजे वरून तुमचं, आतून भलतंच. मी तशीच परत आले आणि शिकायचं ठरवलं. आधी भंगारातली दोन घड्याळं उघडून जोडली, पुन्हा उघडली, पुन्हा जोडली. मग तुमचं हातात घेतलं. मध्ये एक वयस्कर घड्याळजी भेटले, चिमटा कसा धरायचा ते त्यांनी दाखवलं. हेअरस्प्रिंगला, म्हणजे आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, मी एकटीनं हात लावला नाही, ती त्यांच्यासमोर बसून सोडवली. तेव्हा काळजी करू नका, तुमच्या घड्याळावर मी हात साफ करून घेतलेला नाही.

आत वाटलं होतं त्यापेक्षा बरं निघालं. पाणी शिरलं होतं ते चावीच्या बाजूनं, म्हणून गंजही तिथेच साठला होता. चावीचा दांडा आणि काटे फिरवणारे दोन-तीन भाग बदलावे लागले. पुढची चाकं शाबूत होती, फक्त तेल वाळून डिंकासारखं झालं होतं. घड्याळ चालवणारी मेन स्प्रिंग नवी घातली, ती आता गंजणार नाही. सतराच्या सतरा ज्वेल तशीच आहेत. ती खरी रत्नं आहेत, म्हणजे आपण श्रीमंत आहोत, असं मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं ना? ती कृत्रिम माणकं असतात. भिंगाखाली गुलाबी दिसतात, आणि बहुतेकांच्या मधोमध टाचणीनं टोचल्यासारखं भोक. त्या भोकांत जी टोकं फिरतात त्यांतलं सगळ्यात बारीक जेमतेम 0.1 मिलिमीटर जाड. मला अजूनही ती रत्नंच वाटतात.

बॅलन्स, म्हणजे पुढे-मागे झुलून वेळ पाळणारं चाक, बसवला त्या रात्रीचं सांगते. त्याला वरून धरणारा पूल नुसता ठेवला होता, स्क्रू अजून आवळायचा होता. मी चिमटा बाजूला केला आणि ते चाक एकदा थरथरलं, थांबलं, आणि आपलं आपण फिरायला लागलं. बाबा, तुम्ही वर्गात लोलक शिकवताना ज्या हायगेन्सचं नाव घ्यायचात, त्यानंच 1675 मध्ये घड्याळात ही गोल स्प्रिंग आणली. केसासारखी ती स्प्रिंग श्वास घेतल्यासारखी उघडत-मिटत होती. तासाला 18,000 ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. मी कान लावला आणि मला एकदम तुमच्या मनगटावर गाल टेकून झोपल्यासारखं वाटलं. ताप आला की तुम्ही हात काढून घ्यायचा नाहीत, अवघडला तरी. आवाज तोच आहे, बाबा.

काटे मात्र अंधारात चमकणार नाहीत. पांघरुणात शिरून आपण जे हिरवे ठिपके बघायचो, ते ट्रिटियम या किरणोत्सर्गी पदार्थाचे. तबकडीवरच्या त्या दोन ‘टी’चा अर्थ तोच. ट्रिटियम दर 12.3 वर्षांनी निम्मं होतं, पन्नास वर्षांत सोळावा हिस्सासुद्धा उरत नाही, आणि त्यासोबतचा चमकणारा रंगही थकतो. नवा रंग भरता आला असता. पण जुन्याचा आता जो सायीसारखा पिवळसर रंग झालाय, त्याला हात लावावासा वाटला नाही. आई, तू ‘रेडियम’ म्हणून घाबरायचीस, पण हे रेडियम नव्हे. बाबांच्या हातात काही धोका नाही.

जुनं ठेवायचं म्हणाले, तरी दोन गोष्टी बदलल्यात. चावीची गुंडी थोडी मोठी आणि जास्त खाचांची घेतली, कारण मूळची बोटांतून निसटायची. सगळ्यांच्याच बोटांतून, माझ्याही. आणि साखळीच्या दोन कड्या काढल्यात. मागच्या वेळी निघताना तुमचा हात धरला होता ना, तेव्हाच माप कळलं. ती साखळी मुळातच सैल होती म्हणा. काढलेल्या कड्या डबीत ठेवल्यात. टाकू नका. तुम्ही नीट जेवायला लागलात की मीच येऊन परत जोडणार आहे.

आता सूचना, आणि त्यात घासाघीस नको. चावी दिवसातून एकदा, सकाळी, घड्याळ हातातून काढून द्यायची. हातात असताना दांड्यावर तिरका जोर येतो. अडलं की थांबायचं, पुढे जोर लावायचा नाही. आंघोळीला, भांडी विसळायला हात ओला करण्याआधी काढून ठेवायचं, ते पाणी सोसणार नाही. दिवसाला अर्धा-एक मिनिट पुढे-मागे होईल, होऊ दे, झाकण उघडायचं नाही. तेल दर चार-पाच वर्षांनी मी बदलेन.

दादानं दिलेलं घड्याळ कपाटात पडलंय, हे आईनं मला सांगितलंय. ते उजव्या हातात, हे डाव्या हातात. दोन घड्याळं विचित्र दिसतात हे मान्य आहे, पण रात्री उठताना ते हातात हवंच, पडलात तर आम्हाला कळतं. हे उशाशी ठेवा, पण त्याच्या चार्जरपासून दूर. चार्जरमध्ये चुंबक असतो. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ धावायला लागतं. गोळ्यांच्या वेळा फोनच्या गजरावरच राहू देत, या घड्याळावर नकोत. आणि आई, डोळ्यांची तपासणी पुढे ढकलली आहेस ती या महिन्यात झाली पाहिजे. बाबांनी सोबत जायचं. तेवढा वेळ तुमच्याकडे आहे, आता मोजायलाही साधन आहे.

डबीत कापूस भरपूर घातलाय. एकदा पूर्ण चावी दिली की ते साधारण 40 तास चालतं, म्हणजे तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा बंदच असेल. बिघडलं असं समजून लगेच फोन करू नका. पहिली चावी आईनं द्यावी, सावकाश, आणि मग बाबांच्या कानाशी धरावं. त्यानंतर फोन करा.

तुमची
मनू