पटकथेच्या समासात लिहिणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

हरिपुरात घडणारा आपला सिनेमा आता संकलनाला बसलाय. आईला बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी उदासी असा मनाचा आजार, पोरगी नऊ वर्षांची, बाप सांगलीत हळदीच्या पेढीवर दिवाणजी. मनोविकाराच्या वॉर्डात उभी नोकरी केलेल्या तुम्ही एक पैसा न घेता पटकथा ओळन् ओळ वाचलीत आणि समासात पेन्सिलीनं टिपणं केलीत. आभार चारचौघांत मानतोय, कारण ही टिपणं असा सिनेमा करणाऱ्या दुसऱ्यांच्याही कामी येतील.

पहिल्याच पानावर होतं : ‘आजार आईचा, पण कॅमेरा पोरीच्या उंचीवर ठेवा.’ त्याखाली : ‘उन्मादात आधी झोप जाते, आरडाओरडा नंतर.’ म्हणून पहाटे तीनला आई चिंच लावून पितळेची भांडी घासतेय, गुणगुणतेय, दमायचं नाव नाही. पोरगी अंथरुणातून नुसता आवाज ऐकते आणि तिला कळतं, पुढचे दिवस अवघड आहेत. मग उधारीवर एकाच दुकानातून पाच साड्या. उदासीत सगळं उलटं : दूध उतू जातं, आई जागची हलत नाही, शाळेचा डबा पोरगीच भरते.

लिथियमचा, म्हणजे आईच्या या आजारावरच्या गोळीचा, भाग तर अख्खा तुमचाच. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पाच-सात दिवसांनी रक्त तपासायचं. तेही रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावर, सकाळची गोळी घेण्याआधी. नेहमीच्या उपचारात रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० (लिटरमागे मिलिमोल) हवी. १.५ च्या पुढे विषबाधेची भीती, म्हणजे मधली जागा अगदी चिंचोळी. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतं. जुलाब, मे महिन्याचं ऊन, अंगदुखीवर दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक, यांतलं काहीही पुरतं. आणि अळणी उपवास! तो कुठल्याही परदेशी सिनेमात सापडला नसता. आपली आई ऐन उन्हाळ्यात तोच धरते. हात जोरात थरथरतात, जीभ जड होते, तोल जातो, उलट्या सुरू होतात. शेजारीण म्हणते, ‘पिऊन आलीय काय गं?’ इथे पुढची गोळी न देता थेट दवाखाना, हा क्रम तुम्ही दोनदा अधोरेखित केलात.

देवऋषाला खलनायक करू नका, हेही पटलं. आत्या अंगारा आणते तो आणू दे. घात होतो तो ‘आता बरी आहे की’ म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी बंद केल्यानं. लिथियम एकदम तोडलं की आजार उलटायला काही आठवडेही पुरतात.

विजेच्या शॉकच्या उपचाराचं दृश्य म्हणजे हात-पाय बांधलेले आणि किंकाळी, ही आपल्या सिनेमांची जुनी खोड. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देता येत नाही. वीज काही सेकंदच असते, त्यानं येणारी आकडी साधारण मिनिटभरात ओसरते, बाहेरून पावलं थोडी हललेली दिसतात. आपण दार बंदच ठेवलं. पोरगी बाकावर बसून आईच्या चपला सांभाळते.

तिला कुणी काय सांगायचं, तेही तुमच्याच शब्दांत घेतलं : ‘हे तुझ्यामुळं झालं नाही, आणि आईला बरं करणं हे तुझं काम नाही.’ शिवाय रात्री-अपरात्री कुणाकडे जायचं त्या एका मोठ्या माणसाचा नंबर दप्तरात. ‘मलापण होणार का?’ याला गोड थाप नको होती. आईवडिलांपैकी एकाला बायपोलर असला तर धोका वाढतो खरा, तरी दहातल्या नऊएक मुलांना तो होत नाही, असं डॉक्टरीणबाई सरळ सांगतात.

बालकलाकाराला दिवसाला जास्तीत जास्त पाच तास आणि विश्रांतीशिवाय तीनच, हा नियम होताच. आईच्या भडक्याचे शॉट मात्र पोरीला घरी पाठवून घ्यायचे आणि तिचे क्लोजअप वेगळ्या दिवशी, ही युक्ती तुमची. क्लोजअपच्या वेळी समोर तिची खरी आई तिला पाढे विचारत होती. पडद्यावर काही फरक कळत नाही.

शेवटच्या पाटीवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा नंबर टाकलाय. गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव कुठल्याच फ्रेममध्ये वाचता येत नाही आणि संवादातही नुसतं ‘गोळी’ ठेवलंय. सिनेमा बघून कुणी तीच मागायला दुकानात जाऊ नये म्हणून. पान ४१ वरचं तुमचं टिपण.

आपले कृतज्ञ,
लेखन-दिग्दर्शन चमू, सांगली