कंडक्टर मामांना, आजीच्या घरातून

आदरणीय मामांस,
सा. न. वि. वि.

कुणी आभार मानायला लागलं की तुम्ही उठून जाता. मागे बाबांनी शाल-नारळाचा नुसता विषय काढला, तर अर्धा चहा तसाच ठेवून निघालात. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. सोलापुरात आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत. ‘आम्ही मूळचे मोगलाईतले’, म्हणजे निजामाच्या राज्यातले, एवढं म्हणायचं आणि पुढे गप्प.

फाळणीत सिंध-पंजाबातून आलेल्यांच्या कहाण्या निदान सांगितल्या तरी जातात. 1948 साली निजामाच्या राज्यातून पळून आलेली आमची माणसं पन्नासएक किलोमीटरवरून आली, बैलगाडीनं आली, मराठीच बोलत आली. कुणी मिलमध्ये बदलीवर लागलं, कुणी विड्या वळायला बसलं, आणि थोड्याच वर्षांत सगळी इथलीच झाली. मग त्यांना कोण काय विचारणार? सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, तिकडे तुळजापूर-नळदुर्गात झेंडावंदन असतं. इकडे सोलापुरात तो कामाचा साधा दिवस.

आमच्या घरात आजी काही सांगायचीच नाही. बाबा सांगायचे, पण व्यासपीठावरून सांगावं तसं. रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा जाच, त्यांचा म्होरक्या लातूरचा वकील कासीम रझवी, सीमेवरच्या मुक्तिसंग्रामाच्या छावण्या, 13 सप्टेंबरला पहाटे सोलापूरकडून लष्कर निघालं, त्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं, 17 तारखेला निजाम शरण. तारखा सगळ्या बरोबर. फक्त त्यात दहा वर्षांची आजी कुठं नव्हती. बाबांचा जन्म इथला, त्यांनी हे सगळं पुस्तकांतून आणि तालमीच्या कट्ट्यावरून गोळा केलेलं. माझ्या मुलाला तर रणगाडे होते का, एवढंच हवं असायचं. मी आजीला सरळ विचारायची, ‘तेव्हा काय झालं गं?’ की ती म्हणायची, ‘काय व्हायचंय, आलाव हिकडं.’

तुम्ही असं कधी विचारलं नाहीत. अख्खी नोकरी हैदराबाद रस्त्यावरच्या गाड्यांवर काढलेला माणूस. बसलात आणि थांबे म्हणायला लागलात. बोरामणी, इटकळ, अणदूर, नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, उमरगा. आजी निवडत असलेल्या शेंगा तशाच ठेवून ऐकत राहिली. मग तुम्ही तिला विचारलंत, ‘आजी, तुमच्या वेळी तिकीट कशात काढायचे, हालीत का कलदारात?’ ती इतकी हसली की मुलगा आतून पळत आला.

तिथून ती सुटली. आईनं हाली रुपये वाकळेत शिवून आणलेले. निजामाचा रुपया तो, इथल्या कलदारापुढे, म्हणजे ब्रिटिश रुपयापुढे, त्याची किंमत कमी. त्यात सोलापुरातल्या सराफानं त्याहूनही कमी दिले, हे तिला अजून सलतं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावरून जायचं नाही म्हणून गाडी ओढ्याच्या अंगानं घातली. ‘रातचं निघालाव. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून घरीच ठिवल्या.’ बैलांची नावं तुम्ही विचारलीत. दोन्ही नावं तिला आठवत होती. मी एवढ्या वर्षांत बैल होते हेही विचारलं नव्हतं. मध्ये कुणी ‘म्हणजे किती साल?’ म्हणून तोंड घातलं की तुम्ही नुसता हात वर करायचा, भरल्या गाडीत घंटी मारायच्या आधी करत असाल तसा. त्या एका हातानं आमच्या घराला ऐकायची सवय लावली.

आणि मग तो गाडीवान. गाडी माझ्या पणजोबांची होती, पण हाकली शेजारच्या मुसलमान चाचांनी. आपल्याच गावातल्या रझाकारांची नजर चुकवून त्यांनी आमच्या लोकांना हद्दीपार आणून सोडलं आणि उजाडायच्या आत माघारी गेले. बाबांच्या भाषणात हे चाचा कधी आले नव्हते. पुढचं तर कुणालाच माहीत नव्हतं. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे सप्टेंबरातल्या त्या लष्करी कारवाईनंतर, चाचांच्या घरादारालाही गाव सोडावं लागलं, हे सोलापुरात पणजोबांच्या कानावर आलं होतं. आजी म्हणाली, ‘आमाला त्यानं पोचवलं. त्याला कुणी पोचवलं का, ते कुणी इचारलंच न्हाई.’

बाबा उठून उभे राहिले, ‘हे रेकॉर्ड करू नका’ म्हणाले. त्यांचा राग मला अगदीच कळत नाही असं नाही; सगळं आयुष्य एक बाजू धरून सांगितलेली गोष्ट, तिला ऐन म्हातारपणी दुसरं तोंड फुटलं. मी भांडले असते. तुम्ही फोन बंद करून खिशात घातलात आणि बाबांनाच विचारलंत, ‘तुम्ही स्वतः गावाला पहिल्यांदा कधी गेलात?’ बाबा गेलेच नव्हते. कधीच.

त्यानंतर मी थोडं वाचलं. लष्करी कारवाईनंतर मुसलमानांविरुद्ध जो हिंसाचार झाला त्याची चौकशी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना हैदराबाद संस्थानात पाठवलं होतं. त्यांच्या अहवालात कमीत कमी 27 ते 40 हजार माणसं मेल्याचा अंदाज आहे, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपलं उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव. अहवाल लोकांसमोर यायला 2013 उजाडलं. मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण कागद मागून घेतला. रझाकारांनी केलेलं यानं पुसलं जात नाही. आजीनंही ते पुसलेलं नाही. ती दोन्ही सांगते, एकाच आवाजात, शेंगा निवडता निवडता.

तुम्ही आम्हाला गावी घेऊन गेलात, त्याबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. मोटार करू म्हटलं तर तुम्ही ऐकलं नाहीत, एसटीनंच नेलंत, आजीला पुढच्या सीटवर बसवलंत, आणि ‘आजीबाई उतरतायत, जरा दमानं’ असं ड्रायव्हरला सांगितलंत. गावात आमचं घर नाही, त्या जागी पत्र्याचं शेड आहे. त्यावर मला फार काही वाटलं नाही आणि आजीलाही नाही. तिला ओढा बघायचा होता. बाबा तिच्यासोबत काठापर्यंत गेले आणि कुठून आलात, कुठं वळलात, हे तेच विचारत होते. आपण दोघं मागे थांबलो होतो.

आता एक काम आहे, म्हणून हे पत्र लिहिण्याचं धाडस. चाचांचं घराणं उमरग्याकडे कुठेतरी गेलं, एवढंच आजीला ऐकून माहीत. उमरगा डेपोत तुमच्या ओळखीचे कुणी जुने लोक असतील, तर विचाराल का? नावं आणि गाव आजीनं सांगितलंय, ते इथं लिहीत नाही. त्या घरातल्या माणसांना चालेल की नाही, हे आधी त्यांना विचारायला हवं. बाबा म्हणतात, सापडले तर मी येतो. रविवारी घरी या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहेच, आणि चहा या वेळी पुरा प्या.

तुमच्या शेजारची,
आजीची नात