पोट्टे वर्गात बोलूनच नाही राहिले

दिग्रस, जि. यवतमाळ

प्रिय दोस्ता,

तासिका तत्त्वावर का होईना, तू सीनियर कॉलेजला लागलास आणि तेही आपल्याच अर्थशास्त्राला, हे वाचून फार बरं वाटलं. तू लिहिलंस, "पोट्टे वर्गात बोलूनच नाही राहिले. प्रश्न विचारला का साऱ्यायच्या माना खाली, मग मीच उत्तर सांगतो." आज फक्त याच एका गोष्टीवर लिहितो. हजेरीपट, कॉलेजच्या मूल्यांकनासाठी लागणाऱ्या नॅकच्या फायली वगैरे तू आपोआप शिकशील.

पोरांना येत नाही म्हणून ती गप्प बसतात, हे मला पटत नाही. चुकलो तर सारे हसतील, ही एक भीती. आपली बोली ऐकून हसतील, ही दुसरी, आणि ती जास्त खोल असते. तुझ्या वर्गात तांड्यावरून येणारी, घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलणारी पोरं असतीलच. बाकीच्यांची वऱ्हाडी. उत्तर शोधायचं आणि ते पुस्तकी मराठीत बसवायचं, अशी दोन ओझी त्यांच्यावर एकदम पडतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात सांगून टाक, ज्या बोलीत सुचेल त्या बोलीत बोला. तूही वर्गात वऱ्हाडी बोल. 'लवचिकता', 'सीमांत उपयोगिता' असे शब्द तेवढे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिही, कारण पेपरात तेच लागणार आहेत.

मग येतं थांबणं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं शिक्षकांच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि पुढे बोलू लागतात. तेच तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' म्हणणारे कमी होतात आणि एरवी न बोलणारेही तोंड उघडतात. प्रश्न विचारलास की मनातल्या मनात सावकाश एकदा 'गण गण गणात बोते' म्हण. तेवढा वेळ ओठ मिटलेले ठेव. सुरुवातीला ती शांतता अंगावर येते, पण ती मोडायचं काम पोरांना करू दे.

आता मुख्य गोष्ट. प्रश्न असा हवा की प्रत्येकाला बाजू घ्यावीच लागेल. 'लवचिकता म्हणजे काय?' याला पहिल्या बाकावरची दोन पोरं व्याख्या म्हणून दाखवतात आणि उरलेला वर्ग सुटतो. मी फळ्यावर हे लिहितो: आठवडी बाजारात सांबाराची (म्हणजे कोथिंबिरीची) जुडी 10 रुपयांची होती, तेव्हा 100 जुड्या खपायच्या. यंदा सांबार उदंड झाला, भाव 5 रुपयांवर आला. विकणाऱ्या बाईच्या हाती येणारा एकूण पैसा (1) वाढेल, (2) तेवढाच राहील, (3) कमी होईल.

आधी प्रत्येकानं वहीत आकडा लिहायचा. बोलायचं नाही, शेजाऱ्याचं बघायचं नाही. मग मी 'हं' म्हटलं की साऱ्यांनी एकदम, हात छातीशी धरून, तेवढी बोटं दाखवायची. छातीशी यासाठी की मागच्याला दिसू नये. समोरून तुला एका नजरेत अख्खा वर्ग कळतो. मग म्हणायचं, ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे त्याला पटवून द्या, दोन मिनिटं. इथे वर्गात जो गलका होतो तो होऊ दे. शेजारच्या वर्गाचे सर येऊन पाहतील, त्यांना आधीच सांगून ठेव. दोन मिनिटांनी पुन्हा बोटं.

माझ्या वर्गात पहिल्या वेळी निम्म्याहून अधिक पोरांनी एक बोट दाखवलं होतं. भाव पडला तर गिऱ्हाईक वाढेल, मग पैसा वाढणारच, असं त्यांचं गणित. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, जिची आई बाजारात भाजी घेऊन बसते, शेजारणीला ठसक्यात म्हणाली, "सांबार सस्ता झाला म्हणून कोणी वाटीभर खाते काय?" आख्ख्या वर्गानं ते ऐकलं. मी काही बोललो नाही. पुन्हा बोटं मागितली तर बहुतेकांची तीन. मग फळ्यावर मांडलं: समजा खप 100 वरून 120 वर गेला, तर 120 गुणिले 5 म्हणजे 600, आधी 1000 होते. भाव 50 टक्के पडला, खप 20 टक्केच वाढला. खपातल्या टक्क्याला भावातल्या टक्क्यानं भागायचं, हीच लवचिकता: 20 भागिले 50, म्हणजे 0.4. एकापेक्षा कमी, म्हणून मागणी अलवचिक. व्याख्या सगळ्यात शेवटी आली आणि ती पोरांना पाठ करावी लागली नाही.

ही पद्धत हार्वर्डच्या एरिक माझुर या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं 1991 मध्ये सुरू केली. त्याचा एक ठोकताळा फार कामाचा आहे. पहिल्या वेळी बरोबर उत्तरं 30 ते 70 टक्क्यांच्या मध्ये असतील तरच चर्चा लाव. त्याहून कमी असतील तर विषय पुन्हा समजावून सांग, जास्त असतील तर पुढे चल. यासाठी मोबाइलवरच्या क्विझच्या मागे लागू नकोस. अर्ध्यांचा डेटा संपलेला असतो, काहींचा फोन घरी भावाकडे असतो. बोटं सगळ्यांकडे आहेत.

जोड्या लावताना मुली मुलींशी, मुलं मुलांशी बसली तर बसू दे. महिनाभरात पुढच्या बाकावरच्यांना मागे वळायला सांग, चौघांचा गट आपोआप होतो. उत्तर विचारताना 'तुझं काय मत?' म्हणण्याऐवजी 'तुमच्या गटाचं काय ठरलं?' असं विचार. गटाच्या नावानं बोलताना लाजरी पोरगीही उभी राहते.

पहिल्या तासाला एस्टी उशिरा येणारच. त्या दहा मिनिटांत नवीन काही सुरू करू नकोस. मागच्या तासावरचे तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेव. येईल त्यानं वही न उघडता आठवून लिहायचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग आहे: पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवडाभरानं तपासलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. आपली परीक्षा तर कितीतरी महिन्यांनी असते.

पोरं 'सर, नोट्स द्या' म्हणतीलच. देत जा, पण तासानंतर, आणि मधल्या जागा रिकाम्या ठेवून. ती तक्रारही करतील की हे सर शिकवतच नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात. 2019 मध्ये हार्वर्डमध्येच हे तपासलं गेलं. अशा तासात मुलं प्रत्यक्षात जास्त शिकली होती, पण त्यांना स्वतःला आपण कमी शिकलो असं वाटत होतं. डोकं चालवायला कष्ट पडतात, आणि ते कष्ट म्हणजे न समजणं, असा त्यांचा समज होतो. म्हणून हे पोरांना आधीच मोकळेपणानं सांग आणि पहिल्या चाचणीनंतर त्यांचे त्यांनाच गुण पाहू दे.

अभ्यासक्रम कसा संपणार, असं तू विचारशील. तासाला असा एकच प्रश्न ठेव. सात-आठ मिनिटं जातात, बाकीचा वेळ तुझा. युनिटमधला जो मुद्दा दरवर्षी पोरांना अडतो, तिथेच तो वापर.

दिवाळीनंतर मात्र वर्ग रिकामा होईल. पऱ्हाटी म्हणजे कपाशी फुटलेली असते, पोरं वेचणीला जातात, आणि त्यावर रागावण्यात अर्थ नाही, घर त्यावरच चालतं. त्यांना वावरातलंच काम दे. वेचणीचा किलोमागे दर काय, गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्यानं काय भाव दिला, सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ओलावा किती लागला. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, पण 8 टक्क्यांवर ओलावा गेला की कपात होते आणि 12 टक्क्यांच्या वर केंद्रावर कापूस घेतच नाहीत. हमीभाव आणि हातात पडलेला भाव यांतला फरक पोरांनी स्वतःच्या पावतीवरून काढला, की सरकारी किंमत धोरणाचं अर्धं युनिट तिथेच झालं. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत, त्यातच हे बसव.

तुझ्या पुढच्या युनिटला उत्पादन खर्च आहे ना? सालगडी आणि रोजंदार, यांतला कोणाचा खर्च स्थिर आणि कोणाचा बदलता, यावर तीन पर्यायांचा एक प्रश्न तयार करून मला रविवारच्या आत पाठव. पर्याय असे कर की चुकीचंही खरं वाटलं पाहिजे. मी माझ्या वर्गात तो विचारून बघतो आणि बोटं किती-किती आली ते तुला कळवतो.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
दिग्रसवाला दोस्त