राहुटी म्हणजे रसवंतीगृह नव्हे!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला नारायणगावावरचा लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवला, कारण एकट्याने चिडण्यात मजा नसते. 'वेळ जिथे थांबून राहतो' असे गाव लेखिकाबाईंना सापडले, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन. टोमॅटोच्या ऐन हंगामात त्यांनी आमच्या मार्केटला पिकअप घेऊन यावे. वेळ थांबतो की गाड्या, ते तिथे कळेल.

भाषा चांगली आहे, नाही कशाला म्हणू? पण 'करमणुकीची साधने नसल्याने लोक पारावर बसून असतात' हे वाक्य, आणि त्याच्या शेजारीच तमाशाच्या राहुट्यांचा फोटो! खाली ओळ काय, तर 'उन्हाळ्यात थाटलेली रसवंतीगृहे'. अहो, फोटोत फडाचा फलक हातभर दिसतोय. ज्या विठाबाईंच्या नावाने सरकार तमाशातला जीवनगौरव पुरस्कार देते, त्या स्वतःला नारायणगावकर म्हणवत होत्या, एवढे तरी कार्यालयात कुणाला ठाऊक असावे.

पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत या राहुट्यांत गावोगावचे यात्रा कमिटीवाले तमाशा ठरवायला येतात. 1989 साली मीही आमच्या वाडीतर्फे गेलो होतो. वय सत्तावीस, नवी टोपी आणि खिशात आळेफाट्याला विकलेल्या कांद्याची पट्टी, म्हणजे आडत्याची हिशेबाची चिठ्ठी आणि पैसे. वर्गणी जमली नव्हती म्हणून विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, माझ्या पट्टीतून द्यायचा ठरला. (हे घरी सांगायचे राहिले. आज पेपरातून कळेल.) चैत्री पौर्णिमेची तारीख सगळ्याच गावांना हवी, त्यामुळे मॅनेजर आमच्याकडे बघेचना. शेवटी त्याने वहीतून मान वर करून विचारले, "कांदा काय भावाने गेला?" मी खरा भाव सांगितला. तिथेच चुकलो. भाव बरा होता, सुपारी लगेच हजाराने वाढली. आमच्यातले म्हातारबा मला बाहेर आल्यावर म्हणाले, "लेका, इथं कांदा नेहमी पडलेलाच असतो."

पौर्णिमेला गण झाला, गौळण झाली आणि बतावणी रंगात आली असताना वळीव आला. वग राहिला तो राहिलाच. फडाची माणसे रात्री शाळेच्या वऱ्हांड्यात झोपली. सकाळी आमच्या ओट्यावर चहा पिताना त्यांच्यातली एक वयस्क बाई ओल्या कांद्याच्या ढिगाकडे बघत म्हणाली, "दादा, हा आता टिकायचा नाही. पुढच्या साली आमची सुपारी निम्म्यावर येईल बघा." आम्ही आमचा कांदा बघत होतो आणि ती तिचा धंदा. पुढच्या वर्षी खरेच आम्ही लहान फड आणला.

हे तुमच्या लेखात कुठे आहे? शेती एका चौकटीत, करमणूक दुसऱ्या, आणि मधे हुरड्याचा फोटो, तोही उन्हाळ्यात! मार्केट पडले की राहुटी ओस पडते, यात्रेतला पाळणेवालासुद्धा आधी टोमॅटोचा भाव विचारतो. बैलगाडा शर्यतींचे घाट 2014 पासून सात वर्षे बंद होते, तेव्हा वाजंत्रीपासून भेळवाल्यापर्यंत कोण कोण बसून होते, ते कुणालाही विचारा. आणि तो टोमॅटोने कोट्यधीश झालेला शेतकरी आता पुरे करा. जुलै 2023 मध्ये वीस किलोच्या क्रेटने दोन हजार ओलांडले, खरे आहे. सप्टेंबरात तोच क्रेट मातीमोल झाला, तेव्हा तुमचे छायाचित्रकार कुठे होते?

बाईंना रात्रीची शांतता आणि रातकिडे फार भावले. आम्हालाही ऐकू येतात. शेतीपंपाची थ्री फेज वीज रात्रीची असली की एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि खिशातल्या मोबाईलवर मोठ्याने भजन लावून मोटार चालू करायला जावे लागते. भजन देवासाठी नसते, उसातल्या बिबट्यासाठी असते. शेजारी खोडदला तीस मोठ्या अँटेना लावून शास्त्रज्ञ आकाशाचा कानोसा घेतात. त्यांना आमचे भजन ऐकू जात असेल तर क्षमस्व.

आता लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. बाजारभावाचा तक्ता पाचव्या पानावरून उचलून राशिभविष्याच्या खाली, बोटभर जागेत कोणी टाकला? त्यातही टोमॅटो किलोवर. इथे बोली क्रेटवर होते, मग आम्ही चष्मा लावून विसाने गुणत बसायचे का? शिवाय परवा छापलेला भाव त्याच्या आदल्या परवाचा होता, तो मी पट्टीशी ताडून पाहिला. माझ्या राशीला त्या दिवशी 'धनलाभ' होता, तेही कळवतो.

फोटोओळीची दुरुस्ती छापावी. छोट्या अक्षरांत चालेल, पण 'राहुटी' हा शब्द नीट छापा.

आपला,
एक टोमॅटो उत्पादक व जुना वर्गणीदार
ता. जुन्नर, जि. पुणे