त्या ताई आणि दवाखान्यातले दादा, मनापासून आभार

चेंडूमागे धावताना गर्रकन वळली आणि आमची कुत्री शेरी केकाटली. मागचा पाय टेकवेना. "चालवू नका तिला," म्हणत एक अनोळखी ताई धावत आल्या. अंगातलं जॅकेट काढून त्यांनी शेरीच्या पोटाखालून घेतलं, दोन्ही बाह्या वर धरल्या आणि गाडीपर्यंत कमरेत वाकून चालल्या. मागचा सगळा भार त्यांनीच पेलला!

गुडघ्याचा क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे सांधा स्थिर धरणारा पट्टा, तुटला होता. त्यावरच्या टीपीएलओ नावाच्या शस्त्रक्रियेत नडगीचं हाड कापून, फिरवून प्लेटने बसवतात; ते जुळायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. तोवर उड्या, जिने बंद.

दवाखान्यातले मदतनीस दादा ड्यूटी संपल्यावरही थांबले. भूल उतरेपर्यंत शेरीचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसून होते, तिचे कान कुरवाळत.

तुम्हा दोघांचे उपकार विसरणार नाही. शेरी आता चारही पाय टेकते.